ओटीपी आला नाही म्हणून वाचलो: विमानातले सिनेमे आणि माझे म्युच्युअल फंड

खामल्याचा_प्रवासी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मुलगा ह्यूस्टनला गेल्यापासून आमच्या दोघांच्या वाऱ्या सुरू झाल्या आहेत. नागपूरहून दोहा, तिथून पुढे जवळजवळ सोळा तास. गुडघे समोरच्या सीटला टेकलेले, पाय सुजलेले आणि तोंडासमोर वीतभर पडदा. पुस्तक उघडलं की मला झोप येते, म्हणून सिनेमे पाहतो. आणि पाहता पाहता दर वेळी माझे म्युच्युअल फंड आठवतात. हसू नका, आधी ४ जूनची गोष्ट ऐका.

४ जून २०२४, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजारांनी उडाला होता आणि मी बायकोला म्हणालो होतो, "या वेळी बिझनेस क्लासनं जायला हवं होतं." पहाटे सोनेगावच्या विमानतळावरून निघालो. दोह्याला गेटपाशी बसून फुकटचं वायफाय धरलं. तिथले पावणेसात, म्हणजे आपले सव्वानऊ. बाजार उघडला तो घसरतच. दर वेळी पडदा ओढून ताजा केला की आणखी लाल. मी ठरवलं, इक्विटीतलं, म्हणजे शेअरच्या फंडांतलं, सगळं काढून घ्यायचं. रिडीम, म्हणजे फंड विकायचं बटण, दाबलं. "आपल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे." पाठवला असेल हो, पण मी रोमिंग घेतलंच नव्हतं. चार दिवसांपूर्वी मीच ऐटीत म्हणालो होतो, "कशाला पाहिजे रोमिंग, व्हॉट्सॲप आहे ना!" तीनदा 'पुन्हा पाठवा' दाबलं. चौथ्यांदा दाबणार तर बायको म्हणाली, "अहो, आपला नंबर पुकारला. उठा आता, पिशवी घ्या."

पुढचे सोळा तास मी सक्तीचा दीर्घकालीन गुंतवणूकदार होतो. विमानातल्या वायफायला पैसे लागतात म्हटल्यावर शेजारून डोळे वटारले गेले, तोही मार्ग बंद झाला. मग सिनेमे.

पहिली पस्तीस मिनिटं नुसती यादी चाळण्यात गेली. हा चांगला वाटतो, पण पुढे आणखी चांगला असेल. तोवर जेवणाची गाडी आली. घरी मी फंड निवडताना अगदी हेच करतो. २०२१ मध्ये आठ महिने तुलना करत बसलो होतो, त्या आठ महिन्यांत पैसे बचत खात्यात झोपले होते. पुढे तीन सिनेमे सुरू करून सोडले. चौथा मात्र पकड घेणारा निघाला. बर्फात अडकलेलं हॉटेल, सात माणसं, एक खून. पण लावताना मी एक गोष्ट पाहिली नाही. कोपऱ्यात "उतरायला २ तास ५ मिनिटं" असं दिसत होतं आणि सिनेमा होता अडीच तासांचा. इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून बोलायला लागला आणि पडदे बंद झाले. खुनी कोण, ते मला आजतागायत माहीत नाही.

हीच चूक मी आधी पैशात केलेली आहे. धाकटीच्या लग्नाचे पैसे २०१९ मध्ये स्मॉलकॅप, म्हणजे लहान कंपन्यांच्या, फंडात टाकले होते. लग्न ठरलं एप्रिल २०२० चं. मार्चमध्ये बाजार आडवा. लॉकडाऊन लागला म्हणून लग्न पुढे गेलं, पन्नास माणसांत उरकलं आणि खर्च वाचला, नाहीतर सोनाराकडे तोंड दाखवायला जागा नव्हती. दर वेळी महामारी आपली अब्रू वाचवायला येईलच असं नाही.

तर ह्यूस्टनला उतरलो तेव्हा कळलं, सेन्सेक्स त्या दिवशी ४,३९० अंकांनी पडून बंद झाला होता. मुलाच्या घरी जाऊन झोपलो. जेटलॅग उतरेपर्यंत, म्हणजे ७ जूनला, सेन्सेक्स ३ तारखेच्या वर बंद झाला होता. मी काय केलं? काही नाही. करायला निघालो होतो, पण ओटीपी आला नाही.

तुमच्याकडे असले अनुभव असतील तर टाका. आणि तो सिनेमा कोणी पाहिला असेल तर शेवट सांगा.

---

तर्री_जास्त

काका, एक नंबर. माझं काम जर्मनीच्या कंपनीत आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा मधल्या सीटवर पिळून निघतो. आपल्या पडद्यावर जे लावलं ते बोर होऊन राहिलं, डावीकडच्याच्या पडद्यावर गाड्या उडून राहिल्या, उजवीकडच्या बाईच्या पडद्यावर कोणीतरी पावसात भिजून राहिलं. शेवटी मी डावीकडच्याचा सिनेमा पाऊण तास पाहिला, आवाजाशिवाय. काय भारी वाटला! मग तोच आपल्या पडद्यावर सुरुवातीपासून लावला, हेडफोन घातले, आणि दहा मिनिटांत कळलं का हा तर निव्वळ भैताडपणा आहे. संवाद ऐकवत नव्हते बे.

आमच्या ऑफिसातला एक जण ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकत असते. हिरवेगार, ८०%, १२०%. तो आवाज बंद केलेला सिनेमा आहे. किती पैशाचे घेतले, कर्ज काढून घेतले का, बाकीचे नऊ शेअर कोणत्या गड्ड्यात आहेत, काही ऐकू येत नाही. त्याचं पाहून मी जुलै २०२४ मध्ये डिफेन्सचे शेअर घेतले. पुढचं सांगत नाही, पोहे थंड होऊन राहिले.

---

बर्डीचा_हिशोबनीस

धाग्याची मजा घालवत नाही, पण दोन दुरुस्त्या करतो. सवय आहे, पोट त्यावरच चालतं.

पहिली. काका, तुमचा ओटीपी आला असता तरी तुम्ही "सव्वानऊच्या भावाला" सुटला नसता. इक्विटी फंड विकण्याचा अर्ज दुपारी ३ च्या आत दिला की त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, लागते, आणि ती बाजार बंद झाल्यावर ठरते. म्हणजे तुम्ही घाबरलात सकाळच्या भावाला आणि पैसे मिळाले असते संध्याकाळच्या. त्या दिवशी तर ते आणखी खालचे. लोक ॲपवर लाल आकडा पाहून फंड विकतात आणि समजतात, जो दिसला तो मिळाला. शेअरचं वेगळं, फंडाचं वेगळं.

दुसरी. तीन दिवसांत बाजार वर आला हे तुमचं नशीब. याला धोरण म्हणू नका. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांना शिवून आला आणि मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या घरात होता. जुन्या उंचीला पोचायला नोव्हेंबर २०१० ची दिवाळी उजाडली. त्या विमानात लोक पावणेतीन वर्षं बसले होते, खाली काही दिसत नव्हतं, आणि तेव्हा उतरायच्या वेळेचा आकडाही कोपऱ्यात येत नव्हता. हे निर्देशांकाबद्दल. एकेका कंपनीचं विमान तर कधी कधी उतरतच नाही.

---

खामल्याचा_प्रवासी

हिशोबनीस साहेब, संध्याकाळच्या एनएव्हीचं खरंच माहीत नव्हतं. सतरा वर्षं फंडात आहे, सांगायलाही लाज वाटते. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, "म्हणजे दोह्याला तीन वेळा बटण दाबलं ते तरी कशाला?"

---

आंबिया_बहार

राम राम मंडळी. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. विमानात आयुष्यात एकदाच बसलो, भाचीकडे मेलबर्नला. येताना जुन्या सिनेमांच्या यादीत एक इंग्रजी सिनेमा सापडला, 'ट्रेडिंग प्लेसेस', १९८३ चा. भाचीनं सांगितलं होतं, मामा बघा, यात संत्री आहेत. मी म्हटलं, अमेरिकेच्या सिनेमात संत्री कशाला? पण खरंच आहेत! शेवटची वीस मिनिटं नुसता संत्र्याच्या रसाचा वायदा, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच ठरवून केलेला सौदा.

गोष्ट थोडक्यात सांगतो. दोन म्हातारे भाऊ, गर्भश्रीमंत, गोठवलेल्या संत्रा रसाच्या वायद्यात हात मारायचं ठरवतात. सरकारचा पीक अहवाल जाहीर व्हायच्या आधीच चोरून मिळवायचा, हा त्यांचा बेत. पण त्यांनी ज्या दोघांचं वाटोळं केलेलं असतं, ते मधेच खोटा अहवाल त्यांच्या हातात पडू देतात. खोट्या अहवालात थंडीनं पीक गेलं असं असतं. म्हातारे धडाधड खरेदी करतात, भाव चढतो. ते दोघं चढ्या भावाला विकत बसतात, हातात माल नसताना. मग खरा अहवाल येतो: पिकाला काही झालेलं नाही. भाव गडगडतो, ते दोघं स्वस्तात घेऊन हिशोब मिटवतात, आणि बाजारवाले म्हाताऱ्यांना तिथल्या तिथे ३९.४ कोटी डॉलर भरायला सांगतात. आजूबाजूचे हसत होते. मला काही हसू येईना, कारण माझ्या बागेत दर वर्षी हाच सिनेमा लागतो आणि त्यात मी कोणत्या बाजूला असतो हे मला पक्कं माहीत आहे.

आमच्याकडे आंबिया बहाराची फळं झाडावर हिरवी असतानाच व्यापारी येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात. चपला हातात घेऊन चिखलातून बागभर फिरतो, चार झाडाखाली उभा राहून वर बघतो, काही बोलत नाही. मग बांधावर बसून बिडी शिलगावतो आणि आकडा सांगतो. अख्खी बाग झाडावरच विकायची. बयाना आज, बाकी तोडणीला. हा आमचा वायदा, कागद नाही, तोंडी. यानंतर फळगळ सुरू झाली की तोच माणूस परत येतो, "भाऊ, जमिनीवर सडा पडला आहे, रेट कमी करा." आणि भाव वाढला तर? तर तो येत नाही. तेव्हा वायदा म्हणजे वायदा. गेल्या वर्षी गळ झाली तेव्हा त्यानं झाडाखालची फळं काठीनं गोळा करून माझ्यासमोर ढीग लावला होता. बोलला काहीच नाही, नुसता ढीग दाखवला. मी सहा टक्के सोडले.

अहवाल कोणाकडे असते ते सांगतो. तो माणूस सीझनमध्ये काटोल, नरखेड, वरुडच्या शेकडो बागा फिरतो. कळमन्याच्या बाजारात किती गाड्या उतरल्या, बांगलादेशकडे माल चालला का, हे सगळं त्याच्या डोक्यात. मी एकच बाग पाहतो, माझी. सिनेमातल्या म्हाताऱ्यांना अहवाल चोरावा लागला. आमच्या व्यापाऱ्याला तर पायीच मिळते.

भाचीनं नंतर सांगितलं की अमेरिकेत २०१० मध्ये मोठा वित्तीय सुधारणा कायदा झाला, डॉड-फ्रँक, त्याच्या कलम ७४६ ला लोक सिनेमातल्या नटाच्या नावानं 'एडी मर्फी रूल' म्हणतात. सरकारी खात्यातून उचललेली, जाहीर न झालेली माहिती वापरून वायद्यात सौदे करायचे नाहीत. म्हणजे सिनेमा आला तेव्हा असल्या अहवालावर सौदे करणंसुद्धा त्या बाजारात धडपणे बेकायदा नव्हतं. सत्तावीस वर्षं लागली!

गुंतवणुकीचं म्हणाल तर मी त्या विमानातून उतरल्यावर शेअर घेणं बंद केलं. ज्या फळाचा मी बारा महिने धंदा करतो, त्याचा भाव मला कळत नाही. मग गुजरातेतल्या केमिकलच्या कारखान्याचा मले कुठून कळेल? निफ्टीचा इंडेक्स फंड आहे, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या एकत्र घेणारा, बागेचे पैसे आले की त्यात टाकतो. भाची म्हणते हेच बरं.

---

तर्री_जास्त

बहार भाऊ, तो काठीनं ढीग लावणारा माणूस कोणत्याही सिनेमातल्या व्हिलनपेक्षा भारी आहे. दंडवत.

---

मिहानला_प्लॉट

अबे तुम्ही लोक कुठे फंडाचं घेऊन बसले. नागपूरचा माणूस विमानात बसला का खिडकीतून खाली काय पाहते? लेआउट! वर्धा रोड दिसला का मनातल्या मनात दर सांगायला लागते, हा बाराशे, हा अठराशे.

मी २००७ मध्ये घेतला. विमानतळाजवळ मिहानचा मोठा प्रकल्प येणार, बोइंग येणार, सगळं येणार. एजंट म्हणाला, आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, सहा महिन्यांत. मिहान पण आलं, विमानं दुरुस्त करायचं केंद्र पण झालं, मेट्रो पण धावली. माझ्या प्लॉटचा आरएल काही आला नाही. पण एक फायदा आहे, ऐका. माझ्या प्लॉटचा भाव रोज दिसत नाही. कोणतं ॲप नाही, लाल-हिरवं नाही. भाव विचारला तर ज्यानं विकला तोच सांगते, आणि तो नेहमी वाढलेलाच असते! अठरा वर्षांत एकदाही घाबरून विकायला गेलो नाही. जाणार तरी कुठे, घेणारा पाहिजे ना.

---

बर्डीचा_हिशोबनीस

हे विनोदात सांगितलंत, पण लोक प्लॉट अठरा वर्षं धरून ठेवतात आणि फंड अठरा महिने, त्याचं अर्धं कारण हेच. प्लॉटचा भाव रोज सव्वानऊला छापून आला असता तर वर्धा रोडवर रोज रडारड झाली असती.

---

गोकुळपेठची_मावशी

मी यांच्यासोबत दोनदा न्यू जर्सीला गेले. विमानात मी फार निर्दय प्रेक्षक आहे. पंधरा मिनिटांत रंगला नाही की बंद. काही वाटत नाही, कारण तिकिटाचे वेगळे पैसे दिलेले नसतात. हेच थिएटरात अडीचशे रुपये दिलेले असले की कितीही भिकार असू दे, पॉपकॉर्न चघळत शेवटपर्यंत बसायचं. पैसे वसूल व्हायला पाहिजेत म्हणे. अडीचशे तर गेलेच असतात, वर तीन तास जातात.

आमच्या घरी एक शेअर आहे, नाव घेत नाही. १४२ ला घेतलेला, आता १९ ला आहे. अकरा वर्षं झाली. "घेतला त्या भावाला आला की काढू," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता हे बोलायच्या आधी मीच म्हणते. मी एकदा विचारलं, "आज तुमच्या हातात रोख पैसे असते तर हा १९ ला घेतला असता का?" उत्तर आलं, "वेडी आहेस का!" मग पानात भाजी वाढली आणि विषय संपला.

---

बर्डीचा_हिशोबनीस

मावशी, विषय इतक्यात संपवू नका. विकून तोटा कागदावर आणला, तर तो भांडवली नफ्यातून वजा करता येतो, आणि उरलेला आठ वर्षं पुढे ओढता येतो. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो, आणि पुढे ओढायचा तर विवरणपत्र मुदतीत भरलेलं पाहिजे. २३ जुलै २०२४ पासून शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाच्या वर, साडेबारा टक्के कर आहे. तुमच्या १९ च्या शेअरचा एवढाच उपयोग उरला आहे, तो तरी घ्या.

---

गोकुळपेठची_मावशी

छापून घेतलं. रात्रीच्या जेवणात पानाशेजारी ठेवते.

---

बेसाचा_ऑप्शनवाला

काका, तुमच्या ४ जूनला मी पण होतो, पण जमिनीवर, आणि रोमिंगची गरज नव्हती. ३ तारखेला कॉल, म्हणजे बाजार चढेल यावर लावलेले ऑप्शन, घेतले होते. ४ तारखेला सकाळी दात घासेपर्यंत एका ॲक्टिव्हाचे पैसे गेले. वरचे ॲक्सेसरीजचे धरून. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे वायदे आणि ऑप्शन, करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३% तोट्यात होते, सरासरी दोन लाखांनी. नंतर आलेला तो अहवाल मी वाचला. वाचूनही आपण बाकीच्या सात टक्क्यांत आहोत असंच वाटते बाप्पा.

आता सिनेमाच पाहतो. घरी, जमिनीवर.

---

खामल्याचा_प्रवासी

ऑप्शनवाले भाऊ, हिंमत आहे लिहायची. ॲक्टिव्हा परत येईल.

सगळ्यांचं वाचून एक आठवलं. परतीच्या विमानात सिनेमा ऐन रंगात आला की पडदा थांबायचा आणि कॅप्टन बोलायला लागायचा. आधी अरबीत, मग इंग्रजीत. हवामान, वारा, पट्टे बांधा. सगळं विमान हेडफोन काढून चुळबुळ करायचं, कोणी उठून बाथरूमकडे बघायचं. बाजारातसुद्धा अशी सोय आहे. निर्देशांक १०% पडला की सौदे थांबतात, दुपारी १ च्या आत पडला तर ४५ मिनिटं. १३ मार्च २०२० ला सकाळी उघडताच असं झालं होतं. मी त्या पाऊण तासात काय केलं माहीत आहे? प्रताप नगरला जाऊन दूध आणलं. आलो तर बाजार पुन्हा सुरू होऊन वर चढायला लागलेला, आणि त्या दिवशी तो चक्क वर बंद झाला. दहा दिवसांनी, २३ मार्चला, पुन्हा थांबवला, त्या वेळी मात्र सुरू झाल्यावर आणखी आपटला. १३ टक्के. तेव्हा दूध आणायला जाता येईना, बाहेर पोलीस होते.

हिशोबनीस साहेब, म्हणून नशीब म्हणालात ते मान्य. पण पुढच्या खेपेलाही रोमिंग घेणार नाही, हे मात्र ठरलं.

---

बर्डीचा_हिशोबनीस

रोमिंग घ्या हो. मुलाला पोचल्याचा फोन करायला लागतो. ॲप काढून टाका.

---

तर्री_जास्त

काका, तो बर्फातल्या हॉटेलचा सिनेमा मी पाहिला आहे बहुतेक. सात माणसं, एक म्हातारी, एक पियानोवाला ना? सांगू का?

---

खामल्याचा_प्रवासी

थांबा, सांगू नका! आत्ता हा धागा वाचता वाचता बायको मागून म्हणाली, "मला माहीत आहे कोण ते. तुम्ही तीन सिनेमे अर्धे टाकून चौथा लावलात, मी तोच आधीपासून बघत होते, शेजारीच. पूर्ण पाहिला." मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणे, "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सारखे सेन्सेक्स किती झाला असेल तेच म्हणत होतात."

सांगतही नाही आता. नोव्हेंबरची तिकिटं काढली आहेत, तेव्हा बघा म्हणते. या वेळी विमान सुटताच लावणार.